तारा उंच का होतात, फ्रेट का टोचतात? गिटार आणि घरचं रेकॉर्डिंग : वाचकांचे प्रश्न

पावसाळा निम्म्यावर आला की या सदराकडे ‘तारा उंच झाल्या’ आणि ‘बुरशी आली’ अशा तक्रारी सुरू होतात. विदर्भातून उन्हाळ्यात नेमकी उलटी तक्रार येते. दोन्हींचं मूळ हवेतल्या ओलाव्यात आहे, म्हणून ती उत्तरं सविस्तर दिली आहेत. रेकॉर्डिंगचे आणि गाणी इंटरनेटवर टाकण्याबद्दलचे प्रश्न त्यानंतर घेतले आहेत.

प्रश्न : माझी अकूस्टिक गिटार सॉलिड टॉपची आहे. जून-जुलैत तारा इतक्या वर येतात की एफचा बार कॉर्ड धरवत नाही. दुकानदार म्हणतात नेक वाकलाय, ट्रस रॉड आवळावा लागेल. गिटार हॉलच्या भिंतीला टांगलेली असते. काय करावं? (चिपळूण)

ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या त्याचा बाक कमी-जास्त करणाऱ्या सळीला, आत्ता हात लावू नका. नेक खरोखर वाकला आहे का, हे घरी पाच मिनिटांत कळतं.

गिटार नेहमीच्या सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार, नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर (बहुतेक गिटारांत चौदाव्या) दाबून धरा. आता ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यातली फट बघा. ती ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर नेक ठीक आहे. मोजायला फीलर गेज वापरा. मोटरसायकलच्या टॅपेटची फट मोजायला मेकॅनिक वापरतात तेच. स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतं. व्हिजिटिंग कार्ड सहसा ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतं. ते तार न हलवता सहज सरकत असेल, तर नेकला जास्त बाक आहे असं समजा.

तुमच्या वर्णनावरून फट बरोबर निघेल असं वाटतं, कारण पावसाळ्यात आधी फुगतो तो टॉप. टॉप म्हणजे गिटारच्या पुढच्या बाजूची, स्प्रूसची किंवा सीडरची जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची फळी. लाकूड ओलावा पितं तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने रुंदावतं, लांबीत जवळपास वाढत नाही. टॉपच्या कडा बाजूंना चिकटवलेल्या आणि आतून पट्ट्यांनी जखडलेल्या, त्यामुळे रुंदावायला जागा नाही. मग तो वर फुगतो. ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवलेली पट्टी, त्याच्यावरच बसलेला असल्याने तारा वर जातात. लॅमिनेट टॉपमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून त्या गिटारांना हा त्रास बराच कमी होतो.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात जुलैत ती ८५ टक्क्यांच्याही पुढे असते. तेव्हा इलाज हवेचा करायचा. भिंतीवरून गिटार काढा, विशेषतः ती भिंत बाहेरची आणि ओल धरणारी असेल तर आजच. हार्डकेसमध्ये ठेवा, नसेल तर निदान जाड पॅडिंगच्या बॅगेत, चेन पूर्ण लावून. केसमध्ये २०० ग्रॅम सिलिका जेल सुती पुरचुंडीत बांधून हेडस्टॉकजवळच्या (नेकच्या ट्यूनिंग की असलेल्या टोकाजवळच्या) खणात ठेवा, पॉलिशला टेकू देऊ नका. सोबत छोटा डिजिटल हायग्रोमीटर हवाच. ताजी सिलिका बंद केसमध्ये आर्द्रता ४० च्याही खाली नेऊ शकते आणि ते जास्त घातक; आकडा ४५ च्या खाली जाऊ लागला की निम्मी पुरचुंडी काढून घ्या.

स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्के चुकतात, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलसर चिखलासारखं होईल इतकंच पाणी थेंब थेंब घाला, आणि झाकण व हायग्रोमीटर घट्ट बसणाऱ्या डब्यात एक दिवस ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ७० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवा.

२०० ग्रॅम सिलिका साधारण ४० ग्रॅम पाणी धरते. नारिंगी खडे हिरवे पडले की ती भरली. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की पुन्हा नारिंगी होते. ओव्हन नसेल तर जुन्या कढईत मंद आचेवर हलवत राहा, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. निळे खडे मिळाले तर टाळा. त्यांच्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. पंख्याने हवा फक्त फिरते, ओलावा कमी होत नाही. एसी ड्राय मोडवर चालू असेपर्यंतच उपयोगी.

केसमध्ये ठेवल्यावर टॉप खाली बसायला एक ते दोन आठवडे लागतात. घाई म्हणून उन्हात ठेवू नका. एक बाजू वाळते, दुसरी ओलीच राहते आणि तिथेच तडा जातो.

दोन आठवड्यांनी बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीने मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड ई तारेला २.४ आणि बारीक ई तारेला १.६ ते १.८ मिलिमीटर ही आरामाची उंची. अजूनही तीनच्या वर असेल आणि नेकची फट बरोबर असेल, तर दुसरी सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) करून घ्या. कोकणात कायम राहणाऱ्यांना आमचा हाच सल्ला असतो : मूळ सॅडल ऑक्टोबर ते मेसाठी जपून ठेवायची आणि पावसाळ्यासाठी हाडाची थोडी बुटकी सॅडल बसवायची. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उंची कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. घासायची ती खालच्या बाजूने, काचेवर पॉलिशपेपर चिकटवून, सॅडल अगदी उभी धरून. तळ तिरका झाला की पिकअप असलेल्या गिटारमध्ये एखाद्या तारेचा आवाजच बारीक येतो.

आणि फट खरंच जास्त निघाली तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. अ‍ॅलन की नेमक्या मापाची हवी, ४ किंवा ५ मिलिमीटरची. सैल कीने रॉडच्या टोकाच्या नटाच्या आतल्या कडा झिजतात आणि मग रॉड कोणालाच फिरवता येत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तारा खरखरतात आणि नेकवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात. मुलगी रोज कूलरसमोर बसून वाजवते. टोकं कानशीने घासून घ्यावी का? (नागपूर)

नको. टोकं वाढलेली नाहीत, फिंगरबोर्ड आकसला आहे. लाकूड वाळून अरुंद झालं आणि धातू तेवढाच राहिला. आत्ता घासलीत तर पावसाळ्यात लाकूड पूर्ववत होईल आणि फ्रेट कडेपासून आत गेलेले दिसतील. बारीक ई तार तिथून घसरायला लागेल.

टॉपचंही तसंच. वाळून तो खाली बसतो, तारा फ्रेटला टेकतात. आधी ओलावा द्या. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या साबणदाणीत स्पंज ठेवा. स्पंज भिजवून इतका पिळायचा की हातात दाबला तरी थेंब पडू नये. एक साबणदाणी हेडस्टॉकजवळ, एक नेकच्या खाली, केस बंद. विदर्भातल्या मे महिन्यात स्पंज दोन दिवसांत वाळतो, म्हणून रोज बघायला लागेल. हायग्रोमीटर ४५ च्या वर राहिला की दहा-बारा दिवसांत टोकं बरीच आत जातात. त्यानंतरही टोचत असतील तर मात्र कारागिराकडून घासून घ्या.

कूलरच्या झोतात गिटार नको. झोतात दमट हवा, कूलर बंद केला की तासाभरात कोरडी. रोजच्या या चढउताराने ब्रिजचा सरस सुटतो. कूलर खोलीत असू द्या, मुलीला बाजूला बसवा.

खरखर कुठे येते त्यावरून कारण शोधता येतं. फक्त मोकळी तार खरखरते आणि कुठेही दाबल्यावर थांबते, तर नटाची, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीची, खाच जास्त खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटांवरच येत असेल तर नेक उलटा, मागच्या बाजूला वाकला आहे. तिथे ट्रस रॉड सैल करावा लागतो. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर उचलला गेला आहे. बाराव्याच्या पुढे सगळीकडे येत असेल तर टॉप बसला आहे, हे तुमच्याकडचं. कधी कधी खरखर तारांची नसतेच. ट्यूनिंग कीचा सैल स्क्रू किंवा हेडस्टॉकवर न कापलेलं तारेचं टोक थरथरत असतं. तो स्क्रू आधी बघा.

टॉपवर रेषेच्या दिशेने केसाएवढी चीर दिसली तर त्यात फेविक्विक सोडू नका. आधी दोन आठवडे ओलावा देऊन चीर मिटू द्यायची, मग कारागीर आतून लाकडाची पातळ चकती लावून ती बंद करतो. झटपट चिकटणारा सरस आधी गेला की चांगला सरस तिथे नंतर धरत नाही.

प्रश्न : क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावल्या तर आवाज मोठा येईल का? (लातूर)

काही दिवस येईल, मग ब्रिज उखडेल. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलच्या १२-५३ जाडीच्या संचाचा ७० च्या पुढे. क्लासिकलचा टॉप पातळ आणि नेकमध्ये बहुधा ट्रस रॉड नाही. आवाज मोठा हवा असेल तर नायलॉनचाच ‘हाय टेन्शन’ संच लावून बघा.

प्रश्न : तारा किती दिवसांनी बदलाव्यात? मला हाताला खूप घाम येतो. बदलल्या की दोन-तीन दिवस सूर टिकत नाही, आणि एकदा पिन टणकन उडून बाहेर आली. (डोंबिवली)

रोज तासभर वाजवणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी. घाम जास्त असेल तर महिन्यातच बोटाखाली तार खडबडीत लागते आणि काळवंडते. तेव्हा दिवस मोजत बसू नका. वाजवण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा, वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. गंज खालच्या बाजूने, फ्रेटच्या घर्षणात सुरू होतो. कोटिंगच्या तारा महाग पडतात, पण मुंबईच्या हवेत आणि घामाच्या हातांना त्या दुप्पट-तिप्पट टिकतात; तुमच्यासाठी पैसे वसूल आहेत.

पिन उडते ती तारेचा बॉल पिनच्या टोकावर टेकून राहिल्यामुळे. बॉलजवळचं सेंटिमीटरभर टोक किंचित वाकवा, बॉल भोकात सोडा, पिनची खाच तारेकडे ठेवून पिन बसवा आणि पिनवर अंगठा धरून तार वर ओढा. ‘टक’ असं जाणवतं. तो बॉल आतल्या पट्टीला जाऊन अडकला. मग पिन वर येत नाही. जुनी पिन निघत नसेल तर पक्कडीने ओढू नका, तार सैल करून साऊंड होलमधून हात घाला आणि नाण्याने खालून दाबा.

कीकडे तार ताणून धरा आणि खुंटाच्या पुढे पाच सेंटिमीटर जास्त ठेवून उरलेली कापा. जाड तारांना दोन-तीन वेढे, बारीक तारांना तीन-चार, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. वेढे एकमेकांवर चढले की ते नंतर घसरत राहतात आणि सूर उतरतो. सुरात लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ बोटभर वर ओढा, पुन्हा सुरात लावा. असं तीन-चार वेळा. दोन-तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत होतं. एवढं करूनही जी तार पिळताना ‘टिंग’ असा आवाज येतो, ती नटाच्या खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा.

सगळ्या तारा एकदम काढल्या तरी साध्या अकूस्टिकला काही होत नाही. उलट फिंगरबोर्ड साफ करायची तीच संधी. तरंगत्या ब्रिजची आर्चटॉप किंवा तरंगत्या ट्रेमोलोची इलेक्ट्रिक असेल तर मात्र एकेक तार बदला, नाहीतर ब्रिजची जागा आणि ताणाचा तोल जातो.

प्रश्न : केस उघडली तर कुबट वास आणि फिंगरबोर्डवर पांढरी बुरशी. घरात सगळे खोबरेल लावायला सांगतात. (मडगाव)

खोबरेल नको, कोणतंच खाद्यतेल नको. ते लाकडात राहून चिकट होतं, खवट होतं, त्यावर मळ आणि पुन्हा बुरशी बसते.

गिटार अंगणात न्या, तोंडाला रुमाल बांधा. कोरड्या मऊ फडक्याने बुरशी पुसून ते फडकं टाकून द्या. तारा काढा. बिनपॉलिशच्या शिसवी किंवा एबनीच्या फिंगरबोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलं केलेलं फडकं फिरवा, पण बॉडीवर एक थेंबही जाता कामा नये. अल्कोहोल शेलॅक आणि लॅकरचं पॉलिश विरघळवतं. हँड सॅनिटायझरमुळेही तेच होतं. पूर्ण वाळल्यावर मिनरल ऑइलचे पाच-सहा थेंब फडक्यावर घेऊन चोळा, पाच मिनिटांनी सगळं पुसून काढा. मिनरल ऑइल म्हणजे औषधांच्या दुकानातलं लाइट लिक्विड पॅराफिन. वर्षातून दोनदा पुरे. पॉलिश असलेल्या मेपलच्या फिंगरबोर्डला तेलाची गरजच नाही.

रिकामी केस दोन-तीन कडक दुपारी उन्हात उघडी ठेवा, गिटार सावलीतच. अस्तर आधी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. डांबरगोळ्या केसमध्ये टाकू नका, प्लास्टिकच्या भागांवर आणि पॉलिशवर त्यांची वाफ बसते. बुरशी गेली तरी आर्द्रता ६५ च्या वर राहिली तर ती परत येणार, म्हणून चिपळूणच्या प्रश्नातला सिलिकाचा उपाय तुम्हालाही लागू.

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटार लॅपटॉपला जोडली की घूंऽऽ असा आवाज येतो. तारांना हात लावला की थांबतो. (कोल्हापूर)

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर दोष गिटारचा नाही. चार्जरला अर्थिंग मिळत नाही. दोन पिनांचा चार्जर किंवा अर्थ नसलेलं सॉकेट हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर काम करा आणि वायरमनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची मधली मोठी पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घूं थांबेल, पण बिघाड झाला तर वीज तारांमधून तुमच्या अंगात जाईल. तारा आणि माइक एकाच वेळी हाताला लागल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला, तर तिथेच सगळं बंद करा.

चार्जर काढूनही घूं राहिली तर ती सिंगल कॉइल पिकअपची असू शकते. बसल्या जागी हळूहळू गोल फिरा. एका कोनात ती बरीच कमी होते. ट्यूबलाइटचा चोक आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांपासून दूर बसा. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खर्र वाजत असेल तर इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा बटणाखालच्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) फटीत मारा आणि बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा.

प्रश्न : वन-बीएचकेमध्ये राहतो. फोनवर गिटार आणि गाणं रेकॉर्ड केलं की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, गिटारचा शेपटाचा भाग तुटतो. माइक घ्यावा का? घेतला तर कुठे ठेवावा? (पुणे)

शेपूट तुटतं ते फोनच्या ‘नॉइज रिडक्शन’मुळे. ती सोय बोलण्यासाठी केलेली आहे; रेंगाळत विरत जाणारा गिटारचा सूर तिला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तो कापते. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ती बंद करा, ‘व्हॉइस’ किंवा ‘इंटरव्ह्यू’ मोडऐवजी ‘स्टँडर्ड’ निवडा, फाइल वेव्ह किंवा सर्वांत वरच्या दर्जाची ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर. मुख्य माइक बहुतेक फोनांत खालच्या कडेला असतो, ती कड गिटारकडे करून स्टँडवर लावा.

डब्यासारखा आवाज खोलीचा आहे. फरशी, रिकाम्या भिंती आणि काच यांच्यावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. माइकचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं. त्यामुळे जाड गोधडी किंवा गादी लावायची ती तुमच्या पाठीमागे. माइकच्या मागे लावून फारसा फरक पडत नाही, आणि अनेक जण नेमकं तेच करतात. खाली सतरंजी घाला. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याला पाठ करून बसलात तर गोधडीचीही गरज उरत नाही. खोलीच्या कोपऱ्यात बसू नका, तिथे खालचे सूर फुगतात.

एवढं केल्यावरच माइकचा विचार करा. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक पुरेसा आहे. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर लागतं, ते बटण इंटरफेसवर असतं. माइक गिटारच्या बाराव्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर, तोंड किंचित बॉडीकडे. साऊंड होलसमोर कधीही नको. तिथून आतल्या हवेचा घुमारा येतो आणि खर्जाची प्रत्येक तार धप्प वाजते. आवाज पातळ वाटला तर माइक बोटभर ब्रिजकडे सरकवा, घुमला तर नटाकडे. ही सरकवासरकव कोणत्याही सॉफ्टवेअरच्या इक्वलायझरपेक्षा जास्त काम करते, तिला अर्धा तास द्या.

सेटिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत जोराचा भाग वाजवून गेन असा ठेवा की मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये टेकेल. शून्याला लागला की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. गिटार आणि गाणं एकाच वेळी एका माइकवर घेतलंत तर दोघांचा तोल आधीच ठरून जातो. शक्य असेल तर आधी गिटार, मग वायरचे हेडफोन लावून गाणं. ब्लूटूथचे हेडफोन या कामाला चालत नाहीत. आवाज उशिरा पोहोचतो आणि तुम्ही तालामागे पडता. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज किती उशिरा पोहोचेल ते ठरवणारी सेटिंग) १२८ सँपलवर ठेवा, मिक्स करताना वाढवा.

पंखा बंद. फ्रीज दुसऱ्या खोलीत असला तरी त्याचा कॉम्प्रेसर ऐकू येतो, तो थांबल्यावर टेक घ्या. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या सकाळी ११ नंतर थांबतात, आणि दुपारी २ ते ४ ही सोसायटीतली सर्वांत शांत वेळ असते. मिक्समध्ये ७० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. जाड ई तार ८२ हर्ट्झची आहे, त्याखाली गिटारचं काही नसतं. असतात ती पावलं आणि रस्त्यावरचे ट्रक.

शेवटची फाइल उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं एकक) आसपास आणि शिखर उणे १ डेसिबलवर ठेवा. त्याहून जोरात केलीत तर यूट्यूब ती स्वतःच खाली आणतं. दाबून सपाट केलेला आवाज मात्र सपाटच राहतो. मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे फाइल आहे तशीच पोहोचते.

प्रश्न : जुनं भावगीत गिटारवर गाऊन यूट्यूबवर टाकलं, तर ‘कॉपीराइट क्लेम’ आला. पैसे कमवायचे नाहीत. अभंग टाकले तर चालतात का? (ठाणे)

क्लेम आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी. क्लेम म्हणजे हक्कधारक म्हणतो की चाल किंवा शब्द आमचे आहेत; व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचं उत्पन्न त्यांच्याकडे जातं, कधी काही देशांत तो दिसत नाही. स्ट्राइक म्हणजे व्हिडिओ काढायला लावणं, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल जाऊ शकतो. तुमचा क्लेम आहे, उत्पन्नाची अपेक्षा नाही, तर वाद घालू नका. ‘पैसे कमवत नाही’ किंवा ‘श्रेय मूळ कलाकारांना’ असं वर्णनात लिहिल्याने हक्क मिळत नाही. श्रेय मात्र द्याच, कवी आणि संगीतकार दोघांचंही. ते सौजन्य आहे.

भारतीय कायद्यात कवीचे शब्द आणि संगीतकाराची चाल यांचा हक्क त्या त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षं. त्यामुळे तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण तो अभंग ज्या चालीत रेडिओवर ऐकत आलो ती विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर चालीवर हक्क असू शकतो. शब्द तुकोबांचे आणि चाल तुमची किंवा वारीतली परंपरागत, तर प्रश्न नाही. ओवी, भारूड, गोंधळ यांच्या पारंपरिक चालींचंही तसंच. ध्वनिमुद्रिकेवरून काढलेला कराओके ट्रॅक मात्र मागे वाजवू नका, तो सरळ दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा वापर होतो.

कव्हरसाठी कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१ सी आहे, पण त्यात मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं जावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते आणि किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. घरी वाजवणाऱ्यासाठी ते नाही. स्वतःच्या चाली बांधत असाल तर त्यांची तारीख असलेली मूळ रेकॉर्डिंग फाइल जपून ठेवा. उद्या कोणी तुमच्यावरच क्लेम केला तर ती उपयोगी पडते.

प्रश्न : मुलगा शिकायला टोरांटोला चालला आहे. शिसवी फिंगरबोर्डची गिटार न्यायला कागदपत्रं लागतात का? (नाशिक)

भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून साइट्सच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूड असेल तर नियम कडक आहेत. पण जुन्या, महागड्या गिटारांखेरीज ते सहसा आढळत नाही. खरेदीची पावती, त्यात लाकडाचा उल्लेख असेल तर उत्तम, सोबत ठेवू द्या.

काळजी तिथल्या हिवाळ्याची करा. बाहेर कडक थंडी, आत हीटर; खोलीतली आर्द्रता ३० च्या खाली जाते. नागपूरच्या प्रश्नातली स्पंजची साबणदाणी नोव्हेंबर ते मार्च रोज लागेल. बाहेरून गिटार आणल्यावर केस लगेच उघडायची नाही, दोन-तीन तास खोलीत तशीच ठेवायची. थंड पॉलिशला एकदम उष्ण हवा लागली की त्यावर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. विमानात देताना तारा दोन सूर उतरवा, पूर्ण सैल करू नका. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कपडे कोंबा, कारण केस पडली तर गिटार तुटते ती बहुधा तिथेच, नटाच्या मागे.